एक खुर्ची आणि सर्वांगीण स्वास्थ्य

मी फक्त एक खुर्ची मागितली होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मोठ्या गाडीतून साहेब आले, भिंतीवर तोंडं लागली, पुण्याची एक शिकलेली मुलगी आमच्या पोत्यांवर दुपारभर घोरत पडली, आणि या सगळ्याचं मूळ माझ्या अर्जात आहे असं आमच्या हेड ऑफिसात अजूनही मानलं जातं. अर्ज माझाच होता, अक्षरही माझंच. हेतू मात्र खुर्चीचा होता.

आमचं तांदळाचं पॅकिंग केंद्र कापूरहोळवरून भोरकडे येताना उजव्या हाताला लागतं. तिथं अकरा बायका तांदूळ निवडतात, पिशव्या भरतात, शिवतात. मी लिपिक. हजेरी, नोंदी, फोन, शिवाय कुणाच्या पोराचा दाखला वाचून दाखवणं आणि कुणाचा मोबाईल अडकला तर तो सोडवणं हेही लिपिकाचंच काम असतं, असं मला नोकरीला लागल्यावर दुसऱ्या दिवशी कळलं. शाळा माझी दहावीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण वाण्याच्या पुडीचा कागद उलगडून वाचत झालं. म्हणून अर्धवट बातम्या मला फार माहीत आहेत.

पूर्वी बायका खाली बसून काम करत. गेल्या वर्षी हेड ऑफिसने केंद्र आधुनिक केलं, म्हणजे छातीइतकी उंच टेबलं आणली. टेबलं छान आहेत. फक्त त्यांच्यासमोर दिवसभर उभं राहावं लागतं, हे आधुनिकीकरणाच्या पत्रकात नव्हतं.

यात हाल झाले ते सोजराबाईंचे. त्या सगळ्यांत वयस्क, पिशव्या शिवण्यात सगळ्यांत तरबेज. त्यांची वस्ती वेल्ह्याच्या वरच्या अंगाला. सकाळी डोंगर उतरून एसटी धरायची, नसरापूरला उतरायचं, शेअर रिक्षाने कापूरहोळ, तिथून पुढे मिळेल ते. एवढं करून नऊला हजर. एकोणीस वर्षं आम्ही दोघी दुपारी एकाच डब्याच्या झाकणात जेवतोय. माझी आई गेली तेव्हा सगळ्यांनी मला धीर दिला, सोजराबाईंनी मात्र माझ्या ताटात भाकरी कुस्करून दिली, नि मी जेवले. अशा बाईबद्दल माणूस फार बोलत नाही. ती शेजारी बसलेली असली की झालं.

एक दिवस त्या जेवताना म्हणाल्या, "मोहिनी, गुडघं काय ऐकंनात बघ. तुळशीच्या लग्नापातूर रेटते. मग बसते घरी, शेरडं राखत."

"शेरडांमागं कमी चालावं लागतं होय?"

"त्यांच्यामागं चालताना मधी बसता तरी येतं. हितं कुठं बसू? तुज्या टेबलावर?"

मी हसले, पण मनात दिवस मोजले. तुळशीच्या लग्नाला तीन महिने होते. ठरवलं, एक उंच, पाठ असलेली खुर्ची मागायची. एका ओळीचा अर्ज.

आता आमच्या घराशेजारी सावळारामभाऊ राहतात, ही गोष्ट मी ध्यानात घ्यायला हवी होती. भाऊ तहसील कचेरीतून निवृत्त झालेत. सगळी हयात लोकांचे अर्ज परत पाठवण्यात गेली, त्यामुळे अर्ज कसा असावा हे त्यांच्याइतकं भोरात कुणाला कळत नाही, असं त्यांचं मत आहे. मी ओट्यावर बसून ओळ लिहितेय म्हटल्यावर ते चष्मा घेऊनच आले.

"वहिनी, हे काय? सरळ खुर्ची?"

"खुर्चीच हवीये, भाऊ."

"असेल. पण अर्जात वस्तूचं नाव कधी घालू नये. वस्तू म्हटली की ती कुठल्या खात्यातून द्यायची, मंजुरी कुणाची, मोडली तर जबाबदार कोण, एवढे प्रश्न उभे राहतात. मोघम लिहावं. मोघम अर्जाला नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही."

आणि त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: 'केंद्रातील महिला कर्मचाऱ्यांच्या सर्वांगीण स्वास्थ्याच्या दृष्टीने योग्य ती व्यवस्था होण्याबाबत.' खरं सांगते, ते वाक्य वाचून माझा ऊर भरून आला. पुडीच्या कागदांवर शिकलेल्या बाईच्या हातून असं वाक्य उतरावं! मी ते दोनदा मोठ्याने वाचलं.

आमचे हे, सोमेश्वर, आतून म्हणाले, "पण ह्यात खुर्ची कुठंय?"

"आहे ती," सावळारामभाऊ म्हणाले. "दृष्टीने ह्या शब्दात आहे."

ह्यांना त्यात दृष्टी नाही, असं मी मनात म्हटलं आणि अर्ज धाडला.

पंधरा दिवसांत उत्तर! हेड ऑफिसने माझं अभिनंदन केलं होतं. 'तळागाळातून आलेली मागणी' असा माझा उल्लेख होता. तळ ठीक होता, गाळ जरा लागला मनाला. पण पुढे लिहिलं होतं की 'स्वस्थ कर्मचारी उपक्रम' सर्वांत आधी आमच्याच केंद्रात सुरू होणार, आणि त्याची स्थानिक समन्वयक मी.

उपक्रम घेऊन आले इंद्रजित साहेब. वय तिशीच्या आतबाहेर, स्वभाव चांगला, दोन्ही मनगटांवर घड्याळं; त्यातलं एक वेळ दाखवत नव्हतं, पावलं मोजत होतं. त्यांनी अकरा जणींना ओळीत उभं केलं. रोज नऊ वाजता वीस मिनिटं व्यायाम. चहा बंद, त्याऐवजी गवती रंगाचं कोमट पाणी. आणि जागच्या जागी चालणं.

"गुडघे वर! डोंगर चढतोय अशी कल्पना करा!"

फुलाबाई थांबली. ती रोज घाटातल्या वाडीवरून येते. "सायेब, आत्ताच उतरून आले म्या. परत कशाला वर चढिवताय?"

"कल्पनेत, मावशी."

"कल्पनेत चढायचं तर कल्पनेतच घाम येऊद्या की. हा खराच यायला लागलाय."

सोजराबाई टेबलाला धरून एकेक पाय वर करत राहिल्या. मी साहेबांना बाजूला घेऊन खुर्चीचं काढलं. ते एकदम खूश झाले. "अहो मॅडम, बसण्याचा विचार आम्ही आधीच केलाय. तुमची ती मागची अडगळीची खोली आहे ना, तिथं विश्रांती कक्ष होतोय."

मागची ती खोली अडगळीची नव्हती. तिथं रिकामी पोती रचलेली असत आणि जेवणानंतर पाव तास सगळ्या बायका त्यांवर पाठ टेकून, पाय वर करून पडत. कुणी डुलकी काढी, कुणी नुसतं छताकडे बघे. कुठल्याही पत्रकात नसलेली ही विश्रांती एकोणीस वर्षं सुरळीत चालू होती. आठवड्याभरात पोती पत्र्याखाली गेली, खोलीला निळसर रंग लागला, दाराला कुलूप लागलं आणि आत जाण्यासाठी रजिस्टर आलं: नाव, वेळ, विश्रांतीचं कारण. किल्ली इंद्रजित साहेबांकडे. साहेब पुण्यात.

उद्घाटनाला दार उघडलं. आत एक भलीमोठी, लोळागोळा झालेली, थर्मोकोलच्या हलक्या गोळ्या भरलेली कातडी पिशवी. ना पाय, ना पाठ.

"हीच का खुर्ची?" मी विचारलं.

"यात शरीर आपला आकार स्वतः शोधतं," साहेब म्हणाले. "सर्वांत ज्येष्ठ कोण? या मावशी, बसा."

सोजराबाई बसल्या. म्हणजे गेल्या. कंबर खाली, गुडघे हनुवटीला, नि बाकीच्या बाईचा आकार पिशवी शोधत बसली. टाळ्या झाल्या, फोटो झाला. मग उठायची वेळ आली. त्यांनी एक हात टेकला, तो कोपरापर्यंत आत गेला. फुलाबाईने ओढलं, चंद्राबाईने मागून रेटलं, मी साहेबांच्या देखत पदर खोचून पुढे झाले. तिघींनी मिळून त्यांना बाहेर काढलं.

पदर झटकत सोजराबाई म्हणाल्या, "पोत्यावरनं उठिवलं आन् पोत्यातच घातलं की रं बाबा."

त्या रात्री मी सावळारामभाऊंना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "अर्जाला उत्तर तर आलं ना? माझ्या काळात हेसुद्धा येत नसे."

यानंतर आली तोंडं. हजेरीच्या बाजूला भिंतीवर एक मोठा फळा लागला. त्यावर तीन चेहरे: एक हसरा, एक सपाट, एक रडका. रोज आल्यावर प्रत्येकीने आपल्या मनाची अवस्था बघून त्या चेहऱ्याखाली खूण लावायची, आणि मी साडेनऊला फोटो काढून पुण्याला धाडायचा. खुणेच्या चकत्या पहिल्याच दिवशी कमी पडल्या. बायकांनी कपाळाला लावायच्या टिकल्यांची पाकिटं काढली. फुलाबाईची मोठी लाल, चंद्राबाईची चमकीची. सोजराबाई टिकली लावत नाहीत, मालक गेल्यापासून. त्यांनी डब्यातलं भाताचं शीत घेतलं आणि त्याने तांदळाचा एक दाणा चिकटवला. मला वाटतं, सगळ्या फळ्यावर तेवढीच एक खूण सुंदर होती.

पण चिकटवला कुठं? रडक्याखाली. सगळ्यांनीच. अकराच्या अकरा रडक्याखाली.

पहिल्या दिवशी मला वाटलं, चुकलं असेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी चंद्राबाई नाचत आली, तिची म्हैस रात्री व्याली होती, रेडी झाली होती. तिने आम्हाला खरवस दिला, गाणं म्हटलं, आणि टिकली काढून रडक्या तोंडाच्या अगदी डोळ्याखाली दाबून बसवली.

"अगं, आज तरी हसऱ्यावर लाव!"

"येडी का काय ताई तुमी? भिंतीवर लिवून ठिवू, मी लई सुखात हाये म्हनून? नजर लागली न् म्हस आटली म्हंजे? त्यो सायेब येनार हाये का धार काढाया?"

मलाही कुणी रस्त्यात विचारलं, कशी आहेस, तर मी 'चाललंय आपलं ढकलत' असंच म्हणते. घरात श्रीखंड असलं तरी. आमच्याकडे सुख झाकून ठेवायचं असतं, दुधासारखं. पण हे हेड ऑफिसला फोटोत दिसत नव्हतं. त्यांना दिसत होतं की भोरच्या केंद्रात व्यायाम, कोमट पाणी आणि विश्रांती कक्ष असूनही झाडून सगळ्या बायका रोज रडतायत.

फोन आला. साहेबांचा आवाज खोल गेला होता. "मॅडम, भोरमध्ये नक्की काय चाललंय? कुणी काही करून घेणार तर नाही ना?"

मी म्हटलं, "छे हो, सगळ्या मजेत आहेत."

"हेच ते. दडपलेलं दुःख," ते म्हणाले. "समुपदेशक पाठवतो."

दिवाळी होऊन गेली होती, नवा तांदूळ यायला लागला होता, कामाला हात पुरत नव्हते. सोजराबाई आता एका पायावर भार टाकून उभ्या राहत, थोड्या वेळाने दुसऱ्या. तुळशीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. त्यांनी आपला शिवायचा सुया-दोऱ्याचा डबा एका सकाळी फुलाबाईच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बघून घे, टाका कसा पडतो त्यो." मी हिशेबाच्या वहीत तोंड घातलं. काही लिहिलं नाही, नुसतं घातलं.

त्याच दिवशी समुपदेशक शेफाली आली. अठ्ठावीसेक वर्षांची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात जाड वही. विश्रांती कक्ष उघडून ती एका बाजूला बसली, समोर ती पिशवी. एकेकीने आत जायचं आणि मन मोकळं करायचं.

आता पुण्याहून एवढी लांब लेक आली, तिला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? प्रत्येकीने जमेल तेवढं दुःख दिलं. आत गेलेली बाई बाहेर आली की पुढची विचारी, "काय सांगितलंस?"

"माजं काय न्हवतंच सांगन्याजोगं. मग नणंदेचं सांगितलं. तिचा दीर वाटणीवरनं भांडतो त्ये."

"अगं बया, त्ये मी सांगणार हुते! ती माजी मावसभन न्हाई का?"

"मग तू दुसरं सांग. तुमच्या वरच्या आळीतलं हाये की त्ये, लगीन मोडलेलं."

असं वाटून घेऊन दहा जणींनी चार तालुक्यांची दुःखं त्या मुलीच्या वहीत भरली. चंद्राबाईने तर अशी कथा सांगितली की बाहेर येऊन ती स्वतःच डोळे पुसत होती. मग म्हणाली, "कुनाची हाये काय म्हाईत. बाजारात ऐकली हुती."

शेवटी सोजराबाई. त्यांनी पिशवीकडे बघितलं आणि दारातच उभ्या राहिल्या. मी मागे होते. शेफालीने पेन उचललं, "बोला आजी. तुम्हाला काय त्रास आहे?"

सोजराबाईंनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "तू जेवलीस का गं?"

"हो... म्हणजे, नंतर जेवेन."

"कवा जेवली हुतीस?"

शेफालीने आठवायचा प्रयत्न केला. आठवता आठवता तिने पेन खाली ठेवलं, आणि बाई, जी रडायला लागली ती! महिन्याला नऊ कारखाने, रोज पहाटे निघायचं, रोज शंभर माणसांची दुःखं ऐकून खोलीवर जायचं, आई तिकडे अमरावतीला, आणि या कामात तिला सहा महिने नीट झोप नव्हती. आपलं दुःख सांगायला आलेल्या दहा जणी दारात गोळा झाल्या. कुणी भाकरी आणली, कुणी ठेचा, चंद्राबाईने आपल्या म्हशीचं दही. जेवण झाल्यावर सोजराबाईंनी तिला दंडाला धरून बाहेर, पत्र्याखाली नेलं. "त्या पिशवीत नगं जाऊस. हितं पड." आणि खऱ्या पोत्यांवर तिला आडवं केलं.

ती चारला उठली. मी शेजारी लेबलं मोजत बसले होते. डोळे चोळत तिने विचारलं, "मॅडम, तुमची मुलाखत राहिली. खरं सांगा, नक्की हवंय काय तुम्हाला?"

मी सवयीने सुरू केलं, "केंद्रातील महिला कर्मचाऱ्यांच्या सर्वांगीण..." आणि थांबले. समोर टेबलापाशी सोजराबाई या पायावरून त्या पायावर होत होत्या. सावळारामभाऊंना मनातल्या मनात नमस्कार करून म्हटलं, "खुर्ची. एक. टेबलाएवढी उंच, पाठ असलेली. त्यांना."

"एवढंच?"

"एवढंच. तीन महिन्यांपासून एवढंच."

तिने वहीची ती सगळी भरलेली पानं उलटली आणि नव्या पानावर एक ओळ लिहिली. वस्तूचं नाव घालून.

खुर्ची तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आली, केंद्राची पोती वाहणाऱ्या गेनूच्या टेम्पोतून. सोजराबाई त्या दिवशी सगळ्यांना वाटायला चिवडा घेऊन आल्या होत्या. निरोपाचा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खुर्ची उंच होती, पाठ होती, हात होते, आणि कुणीही मागितली नसताना पाच चाकं होती. आमची फरशी धुण्याचं पाणी वाहून जावं म्हणून दाराकडे उतरती आहे. सोजराबाई बसल्या, पाठ टेकली, डोळे मिटून "आगं आई" म्हणाल्या, आणि हातातली पिशवी शिवत शिवतच दाराच्या दिशेने निघाल्या. सावकाश, पालखीत बसल्यासारख्या. आम्ही इतक्या कौतुकाने बघत होतो की कुणाला धरायचं सुचलं नाही. टेम्पोशी गेनूनेच अडवल्या.

"आत्ये, आलीयास तशी बस टेम्पोत, सोडतो वेल्ह्याला!"

"मुडद्या, काम करता करता पाठ टेकलीया एकोणीस वर्षांनी, नीट टेकू दे की!"

गेनूने पोती बांधायची सुतळी काढून पाचही चाकं अशी जखडली की आता ती खुर्ची भूकंपात हलणार नाही. सोजराबाई पुन्हा टेबलाशी बसल्या. संध्याकाळी त्यांनी फुलाबाईला हाक मारली. "तो डबा आन गं माजा. टाके लई लांब घालतीस तू."

मी पुन्हा वहीत तोंड घातलं.

तुळशीचं लग्न झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्या नऊला हजर. फळ्यापुढे उभ्या राहिल्या. दाणा बोटावर, शीत तयार. रडक्याकडे बघितलं, हसऱ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग कनवटीची काजळाची डबी काढली, नातवाला लावतात ती, आणि हसऱ्या तोंडाच्या गालावर, उजव्या बाजूला, चांगली ठसठशीत तीट लावली. दोन पावलं मागे येऊन पाहिलं आणि मगच तिच्याखाली दाणा चिकटवला.

मागे उभ्या चंद्राबाईने आपली टिकली रडक्यावरून उपटली. "आता हरकत न्हाई," म्हणाली. दहा मिनिटांत रडकं तोंड रिकामं झालं.

मी फोटो धाडला. लगेच इंद्रजित साहेबांचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. उपक्रम यशस्वी, अहवाल वर जाणार, इतर केंद्रांतही हेच. "फक्त मॅडम, त्या हसऱ्या चेहऱ्यावर काहीतरी काळं लागलंय. ते पुसून परत फोटो पाठवता का? आणि ते काय आहे, तेवढं लेखी कळवा."

मी कागद घेतला. या वेळी सावळारामभाऊंना विचारलं नाही, माझं मीच लिहिलं:

'सदर काळा ठिपका कर्मचाऱ्यांच्या सर्वांगीण स्वास्थ्याच्या दृष्टीने लावण्यात आला असून, तो कोणत्याही परिस्थितीत पुसू नये.'